तद्विद्य संभाषेचे नवे व्यासपीठ

ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक याचिका आली. आयुर्वेदीय औषधनिर्मात्यांच्या एका संघटनेने ती केली होती. विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशातील इंग्रजी लेखात आयुर्वेदाला छद्मविज्ञान ठरविले आहे आणि हा मजकूर बदनामीकारक आहे, असे याचिकाकर्त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने याचिकेची दखल घेण्यास नकार दिला आणि एक साधीच गोष्ट निदर्शनास आणून दिली. तो लेख संपादित करण्याची मुभा तुम्हालाही आहे!

ही बातमी वाचून अनेक आयुर्वेदप्रेमींना वाईट वाटले. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. हजारो वर्षांच्या एका वैद्यकपरंपरेची बोळवण कोणी दोन ओळींत करावी आणि जगभरच्या जिज्ञासूंनी तीच प्रमाण मानावी, हे कोणाही स्वाभिमानी भारतीयाला सलणारच. परंतु संताप ओसरल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. ज्या ठिकाणी जगाचे मत घडते, त्या ठिकाणी लिहिण्यासाठी आपण किती जण गेलो? शास्त्रशुद्ध पुरावे, संदर्भ आणि चिकाटी घेऊन किती वैद्य, किती डॉक्टर, किती प्राध्यापक तेथे ठाण मांडून बसले? याचिका करणे सोपे असते. वर्षानुवर्षे बसून लिहिणे कठीण असते. आणि ज्ञानाच्या क्षेत्रातील लढाया अखेर लिहिणारेच जिंकतात.

हा प्रश्न केवळ आयुर्वेदापुरता नाही. अनेकांनी मिळून लिहावयाची, एकमेकांचे लेखन तपासावयाची व सुधारावयाची जी साधने इंटरनेटवर उपलब्ध झाली आहेत, त्यांचा वैद्यकशिक्षणासाठी आणि डॉक्टरांच्या निरंतर अध्ययनासाठी उपयोग कसा करावयाचा, हा आज देशाच्या आरोग्याशी निगडित असा विषय आहे.

आपलीच परंपरा

विकी हा शब्द हवाई बेटांच्या भाषेतील आहे. त्याचा अर्थ झटपट. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने पहिले विकी संकेतस्थळ सुरू केले. त्याची कल्पना अशी की, वाचणारा प्रत्येक जण मजकुरात दुरुस्ती करू शकेल, कोणी केव्हा काय बदलले याची नोंद कायम राहील आणि चुकीचा बदल क्षणात मागे घेता येईल. २००१ मध्ये याच तत्त्वावर विकिपीडिया उभा राहिला.

साधन नवे आहे, पण त्यामागील तत्त्व आपल्याला नवे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात ज्ञान मिळविण्याचे तीन उपाय सांगितले आहेत. अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्य संभाषा, म्हणजे त्याच विद्येच्या जाणकारांशी चर्चा. या चर्चेचे लाभही तेथे मोजून दिले आहेत. तिने पूर्वी शिकलेल्यातील संशय फिटतात, पक्के झालेले अधिक पक्के होते, कधी न ऐकलेले ऐकावयास मिळते. एवढेच नव्हे, तर गुरूने प्रसन्न होऊन एखाद्याच शिष्याला सांगितलेली गुह्य गोष्टही चर्चेच्या भरात सर्वांसमोर येते, असे सूक्ष्म निरीक्षण तेथे नोंदविले आहे. चर्चेचेही दोन प्रकार केले आहेत. सलोख्याने जाणून घेण्यासाठी केलेली ती संधाय संभाषा आणि प्रतिपक्षाला जिंकण्यासाठी केलेली ती विगृह्य संभाषा. सूत्रस्थानात तर ऋषींची एक सभाच वर्णिली आहे. पुरुष आणि रोग यांची उत्पत्ती कशापासून, यावर प्रत्येक जण आपापले मत मांडतो. तेव्हा अध्यक्षस्थानी असलेले पुनर्वसु आत्रेय बजावतात की, आपापला पक्ष धरून बसणारा तेलघाण्यावरच्या माणसासारखा गोल गोल फिरत राहतो, निष्कर्षाला पोहोचत नाही.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा ग्रंथ कसा घडला ती प्रक्रिया. आत्रेयांनी उपदेश केला, अग्निवेशाने तंत्र रचले, चरकाने त्याचे प्रतिसंस्करण केले आणि पुढे अनुपलब्ध झालेले अध्याय दृढबलाने पूर्ण केले. अध्यायांच्या समाप्तिवाक्यांत कोणाचे तंत्र आणि कोणाचे प्रतिसंस्करण हे सांगितलेले असते आणि दृढबलाने भरून काढलेल्या भागात त्याचेही नाव येते. मूळ लेखक, संस्कर्ता आणि पूर्तिकार यांची ही प्रामाणिक नोंद म्हणजे आजच्या विकी पानाच्या इतिहासनोंदीचा पूर्वावतारच नव्हे काय? संस्करण म्हणजे विटंबना, असे आपल्या पूर्वजांनी मानले नाही. शास्त्र जिवंत राहावयाचे तर त्यावर पुनःपुन्हा संस्कार झाले पाहिजेत, हे ते जाणत होते.

आनंदाची गोष्ट अशी की, याच चरकसंहितेची नवी आवृत्ती विकीच्याच स्वरूपात इंटरनेटवर आली आहे. अमेरिकेत स्थायिक झालेले संधिवाततज्ज्ञ डॉ. गोपाल बसिष्ठ यांच्या पुढाकाराने आणि जामनगर येथील केंद्राच्या माध्यमातून अनेक विद्वानांनी मिळून संहितेच्या १२० अध्यायांवर काम केले. मूळ संस्कृत पाठ, इंग्रजी भाषांतर आणि आधुनिक संशोधनाच्या संदर्भांसह विवेचन तेथे कोणालाही विनामूल्य वाचता येते. न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा हे उत्तर शतपटींनी परिणामकारक आहे.

महाडने दिलेला धडा

ज्ञान निर्माण होणे आणि ते गरजूपर्यंत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने एके काळी शंभरातील पंचवीस-तीस रुग्ण दगावत. बळी पडणारी बहुतेक मुले असत. रायगड जिल्ह्यात महाड परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या रुग्णांच्या उशाशी बसून, रात्र-रात्र जागून निरीक्षणे नोंदविली. विंचवाच्या विषाने शरीरात उत्तेजक संप्रेरकांचे वादळ उठते, रक्तदाब भडकतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते, ही साखळी त्यांनी ओळखली. रक्तदाबावरील प्रॅझोसिन ही स्वस्त गोळी ती साखळी तोडते, हे त्यांनी दाखवून दिले. १९८६ साली त्यांचे हे निष्कर्ष लंडनच्या 'लॅन्सेट' या ख्यातनाम नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. पुढे २०११ साली त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांवरील अभ्यासातून प्रॅझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे सिद्ध केले. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

हा इतिहास अभिमानाचा आहे. पण त्यात विचार करावयास लावणारा एक भागही आहे. महाडचे ज्ञान आधी लंडनला छापले गेले. ज्या नियतकालिकात ते आले, ते तालुक्याच्या गावी कोणाच्या टेबलावर येते? शेजारच्या जिल्ह्यातील आरोग्य केंद्रात नुकत्याच रुजू झालेल्या तरुण डॉक्टरला मध्यरात्री विंचू चावलेले मूल समोर आल्यावर हे ज्ञान त्याच क्षणी, त्याला समजेल अशा शब्दांत, अद्ययावत स्वरूपात हाताशी असले पाहिजे. असे प्रत्येक पान कोणी तरी लिहिले पाहिजे, कोणी तरी तपासले पाहिजे आणि नवा अभ्यास आला की कोणी तरी बदलले पाहिजे. छापील पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती येण्यास वर्षे लागतात. सामूहिक लेखनाच्या साधनांवर हे काम एका संध्याकाळी होऊ शकते.

जगाने काय केले

भारतात जन्मलेले आणि येथेच वैद्यक शिकून अमेरिकेत गेलेले डॉ. संजीव अरोरा हे न्यू मेक्सिको विद्यापीठात यकृतरोगतज्ज्ञ होते. हेपटायटिस सी या आजाराच्या ग्रामीण रुग्णांना त्यांच्यापर्यंत येण्यासाठी शेकडो मैलांचा प्रवास आणि महिनोन्‌महिने प्रतीक्षा करावी लागे. रुग्णाला हलविण्याऐवजी ज्ञान हलवावे, असा विचार करून त्यांनी २००३ मध्ये 'प्रोजेक्ट एको' सुरू केला. दर आठवड्याला गावोगावचे डॉक्टर दूरदृश्य संवादाद्वारे एकत्र येत, आपापल्या रुग्णाची माहिती मांडत, तज्ज्ञ मार्गदर्शन करीत आणि सगळेच सगळ्यांकडून शिकत. ४०७ रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या रुग्णालयात ५७.५ टक्के, तर गावच्या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के रुग्ण विषाणुमुक्त झाले होते. साधा डॉक्टर, योग्य संगत मिळाली तर, तज्ज्ञाच्या तोडीचे काम करतो, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने याच पद्धतीने छत्तीसगढमधील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना मानसिक आजारांच्या उपचारांत मार्गदर्शन केले आहे.

सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. अमीन अझ्झम यांनी २०१३ पासून वैद्यकाच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठी एक अभिनव अभ्यासक्रम घेतला. विद्यार्थ्याने विकिपीडियावरील एक वैद्यकीय लेख निवडावयाचा, महिनाभर त्याचा अभ्यास करून तो सुधारावयाचा आणि त्याबद्दल श्रेयांक मिळवावयाचे. पहिल्या दोन वर्षांत ४३ विद्यार्थ्यांनी दीड हजारांहून अधिक संपादने केली. दुबळे संदर्भ काढले, सबळ घातले. जो विद्यार्थी सामान्य माणसाला समजेल असे लिहावयास शिकतो, तो रुग्णाशी बोलावयासही शिकतो, हा त्यातील खरा लाभ. ऑस्ट्रेलियात फ्रँक गेलार्ड या तरुण डॉक्टरने २००५ मध्ये 'रेडिओपीडिया' सुरू केले. क्ष-किरण, सीटी, एमआरआय यांची हजारो उदाहरणे जगभरच्या डॉक्टरांनी तेथे घातली आहेत आणि आपल्याकडील विद्यार्थीही परीक्षेच्या तयारीसाठी ती पाहतात.

सारेच प्रयोग यशस्वी झाले असे नाही. २००९ मध्ये हार्वर्ड, स्टॅनफर्ड अशा नामवंत विद्यापीठांच्या सहकार्याने 'मेडपीडिया' सुरू झाला. केवळ पदवीधर तज्ज्ञांनीच लिहावयाचे, असा त्याचा दंडक होता. २०१३ मध्ये तो बंद पडला. मोठी नावे मिळाली, पण रोज येऊन लिहिणारी माणसे मिळाली नाहीत. संघटनेच्या कामात मुरलेल्या वाचकाला यातील मर्म वेगळे सांगावयास नको. यंत्रणेने काम उभे राहत नाही, नित्य येणाऱ्या माणसांमुळे उभे राहते.

वाहून जाणारे ज्ञान

आपल्या डॉक्टरांमध्ये संवाद नाही असे नव्हे. जवळपास प्रत्येक तालुक्यात डॉक्टरांचा व्हॉट्सअॅप समूह आहे. अवघड रुग्णाविषयी तेथे प्रश्न विचारला जातो, अनुभवी मंडळी उत्तरे देतात, कधी एखादा जीवही वाचतो. पण ती चर्चा शुभेच्छांच्या आणि विनोदांच्या पुरात दुसऱ्याच दिवशी वाहून जाते. सहा महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. ओढ्याचे पाणी कितीही खळाळले तरी उन्हाळ्यात कामास येते ती विहीरच. सामूहिक लेखनाची साधने ही अशी विहीर आहे. तेथे उत्तर साठते, शोधता येते, तपासले जाते आणि पुढच्या पिढीच्या हाती पडते.

शासनाची ई-संजीवनी सेवा २०१९ मध्ये सुरू झाली आणि तिच्याद्वारे आजवर तीस कोटींहून अधिक सल्लामसलती झाल्या आहेत. ही असामान्य कामगिरी आहे. तज्ज्ञ आणि गावचा डॉक्टर यांना जोडणारा मार्ग सिद्ध आहे. रुग्णाची ओळख पूर्णपणे वगळून त्यांतील शिकण्याजोग्या निवडक प्रकरणांची टिपणे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तयार झाली, तर केवढा मोठा ग्रंथ उभा राहील!

याची निकड आणखी एका कारणाने आहे. २०१४ मध्ये देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये होती, आज ती सातशेहून अधिक आहेत. महाराष्ट्रातही २०२४ मध्ये जालना, बुलडाणा, वाशिम, हिंगोली, भंडारा, गडचिरोली अशा ठिकाणी नवी शासकीय महाविद्यालये सुरू झाली. हा विस्तार स्वागतार्ह आहे. पण इमारत दोन वर्षांत उभी राहते, अनुभवी अध्यापक घडण्यास वीस वर्षे लागतात. मुंबई-पुण्याच्या नामांकित अध्यापकाचे ज्ञान गडचिरोलीच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवावयाचे, तर ते खुले, सामायिक आणि सतत सुधारले जाणारे असले पाहिजे.

शास्त्रभाषा मराठी

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले, सभा घेतल्या. पण अभिजात भाषा ही केवळ काव्याची भाषा असून चालत नाही. ज्ञानकोशकार केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी अनेक सहकाऱ्यांच्या साहाय्याने महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी व्यवहारासाठी नवे मराठी शब्द घडविले आणि त्यांतील कित्येक आज रुळले आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोशाचा डोंगर उचलला. त्यांच्याजवळ संगणक नव्हता. आपल्याजवळ तो आहे आणि १ मे २००३ पासून मराठी विकिपीडियाही आहे. मधुमेह, रक्तदाब, क्षय, सर्पदंश, गर्भारपण यांविषयी मराठी आईला, आशाताईला, परिचारिकेला विश्वासार्ह मराठी मजकूर मिळतो का, हे ज्याने-त्याने आज घरी शोधून पाहावे. जेथे चांगले लिहिणारे नसतात, तेथे जाहिरातबाज आणि अफवा पसरविणारे लिहितात. कोरोनाच्या काळात याची किंमत आपण मोजली आहे.

मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०२२ मध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रसिद्ध केली. त्या प्रयोगाविषयी मतभेद असू शकतात. पण पाऊल टाकले गेले, हे मान्य केले पाहिजे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देऊ लागली आहेत. ही यंत्रे इंटरनेटवरील मजकुरावरच शिकतात. जे मराठीत लिहिलेलेच नाही, ते त्यांना मराठीतून कसे शिकता येणार? आज आपण रिकामी ठेवलेली जागा उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी दृष्टिकोनाने भरलेली असेल.

आक्षेप आणि मर्यादा

कोणीही लिहू शकतो, त्या मजकुरावर विश्वास कसा ठेवावयाचा, हा आक्षेप रास्त आहे. औषधाची मात्रा विकीवरून ठरवू नये, मूळ संदर्भापर्यंत जावे, हा नियम विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी शिकविला पाहिजे. रुग्णाचे छायाचित्र वा नाव कोठेही जाता कामा नये. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यापूर्वीही तो वैद्याचा धर्मच होता. औषध कंपन्यांचे हितसंबंध शिरकाव करणार नाहीत, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागेल.

दुसरा आक्षेप पक्षपाताचा. विकिपीडियावरील जुन्या संपादकांत पाश्चात्त्य आणि इंग्रजी दृष्टीचे वर्चस्व आहे, यात तथ्य आहे. वादग्रस्त लेखात नवख्याला थेट बदल करता येत नाही, चर्चापानावर जाऊन पुराव्यानिशी बाजू मांडावी लागते. पण त्या चर्चेत भावना चालत नाही, शिस्तबद्ध अभ्यास चालतो, ही तक्रार होऊ शकत नाही. हळदीच्या पेटंटचे उदाहरण आठवावे. १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेलेले ते पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले ते मोर्चांमुळे नव्हे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लिखित दाखले मांडले म्हणून ते रद्द झाले. जे औषध गुणकारी आहे, त्याच्या चाचण्या काटेकोरपणे करून निष्कर्ष मांडावेत. जे सिद्ध होणार नाही, ते प्रांजळपणे बाजूला ठेवावे. परंपरेवर श्रद्धा असणाऱ्याने परीक्षेला भिण्याचे कारण नाही.

करावयाचे काम

वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार डॉक्टरांनी पाच वर्षांत ३० तासांचे निरंतर शिक्षण घेणे अपेक्षित आहे. ते बहुधा परिषदांतील व्याख्याने ऐकून पूर्ण होते आणि कित्येक परिषदांचा खर्च औषध कंपन्या उचलतात. ऐकण्याला गुण आहेत, मग लिहिण्याला का नसावेत? तज्ज्ञांनी तपासलेला मराठी लेख लिहिणाऱ्या वा अद्ययावत करणाऱ्या डॉक्टरला महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने श्रेयांक द्यावेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने ऐच्छिक विषयांच्या कालावधीत हा उपक्रम विद्यार्थ्यांना निवडू द्यावा. आधुनिक वैद्यक, आयुर्वेद आणि परिचर्या या शाखांच्या विद्यार्थ्यांनी एकाच विषयावर एकत्र बसून लिहिले, तर पंथापंथांतील भिंतीही थोड्या खाली येतील.

शासन करील तेव्हा करील. आपल्या विचारांच्या डॉक्टरांनी त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. आद्य सरसंघचालक डॉ. हेडगेवार स्वतः कोलकात्याला वैद्यक शिकले होते. १९६६ मध्ये डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महानगराचा मोह टाळून लातूरला विवेकानंद रुग्णालय उभे केले. छत्रपती संभाजीनगरला डॉ. हेडगेवार रुग्णालय १९८९ पासून सेवा देत आहे. आरोग्य भारती, नॅशनल मेडिकोज ऑर्गनायझेशन, सेवांकुर अशी संघटनांची फळी उभी आहे. मराठवाड्यातील मातेचे कुपोषण, पाड्यावरचा सर्पदंश, भूकंपानंतरचे उपचार यांविषयी या मंडळींनी हाताने मिळविलेले ज्ञान कोणत्याही पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात नाही. ते डॉक्टर निवृत्त होतील तेव्हा त्यांच्याबरोबरच ते नाहीसे होऊ द्यावयाचे काय?

कार्यक्रम सोपा आहे. प्रत्येक जिल्ह्यात पाच-सात डॉक्टरांचा एक गट करावा. ज्येष्ठाने अनुभव सांगावा, तरुणाने टिपून घ्यावा, भाषेच्या शिक्षकाने मराठी पाहावी, विद्यार्थ्याने संदर्भ जोडून संगणकावर चढवावे. आठवड्याला एक तास पुरे. ज्यांना रोज एक तास देशासाठी काढण्याची सवय आहे, त्यांना हा तास जड जाऊ नये. वर्षाला प्रत्येक गटाने दहा पाने चांगली सिद्ध केली, तरी पाच वर्षांत मराठीत एक विश्वासार्ह आरोग्यकोश उभा राहील. तो कोणाच्या मालकीचा नसेल आणि सर्वांच्या उपयोगाचा असेल.

सेवा म्हणजे रुग्णाला औषध देणे, हे आपण जाणतो. त्या औषधामागील ज्ञान लिहून, तपासून, सर्वांसाठी खुले करणे हीदेखील सेवाच आहे. आत्रेय, अग्निवेश, चरक आणि दृढबल यांनी ती केली म्हणून आपण आज त्यांची नावे घेतो. त्यांचा वारसा सांगावयाचा असेल, तर त्यांच्यासारखी लेखणीही हाती धरली पाहिजे.